कंबरेची गादी सरकली, सांधे झिजले : शस्त्रक्रियेविना उपचार कसा निवडावा?

जुलैत भाताची लावणी सुरू झाली की कंबर धरून दवाखान्यात येणाऱ्यांची संख्या वाढते. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या हंगामात तेच होते. यातले बरेच जण हातात एमआरआयची मोठी पिशवी घेऊनच येतात. 'गादी सरकली आहे, नस दबली आहे, ऑपरेशन करावे लागेल' असे कोणीतरी सांगितलेले असते. घरच्यांच्या मनात दोन भीती असतात. ऑपरेशन केले नाही तर पाय लुळा पडेल का? आणि केले, तर पुन्हा शेतात, बोटीवर, खाणीवर काम करता येईल का?

हा लेख अशा रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. शस्त्रक्रियेविना उपचार कोणाला पुरतो, त्यात काय करायचे, किती दिवस वाट पाहायची आणि कोणत्या क्षणी थांबायचे नाही, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

थोडक्यात

- गादी सरकल्यामुळे झालेले पायाचे दुखणे (सायटिका) बहुतेकांमध्ये ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बरेच कमी होते.
- एमआरआयमध्ये दिसणारी झीज किंवा फुगवटा म्हणजे आजार असेलच असे नाही. उपचार अहवालाचा नव्हे, माणसाचा करायचा असतो.
- अंथरुणाला खिळून राहिल्याने फायदा होत नाही. झेपेल तेवढी हालचाल आणि चालणे हा उपचाराचा पाया आहे.
- लघवी अडणे किंवा नकळत होणे, बसायच्या जागी बधिरपणा, पायाची ताकद कमी होत जाणे, यांपैकी काहीही झाले तर घरी थांबू नका.

कंबरेत नेमके काय असते?

कंबरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक लवचीक चकती असते, तिलाच आपण 'गादी' म्हणतो. तिचा बाहेरचा भाग चिवट धाग्यांचा आणि आतला भाग ओलसर, जेलीसारखा असतो. वयाबरोबर आतले पाणी कमी होते, गादी थोडी चपटी होते. केस पांढरे व्हावेत तसा हा बदल आहे.

कधी कधी बाहेरचे कडे कमकुवत होऊन आतला भाग मागे सरकतो. तो शेजारून जाणाऱ्या नसेला टेकला की नसेभोवती सूज येते आणि दुखणे कंबरेतून नितंब, मांडी, पोटरी करत पावलापर्यंत उतरते. म्हणजे दुखते ते केवळ दाबामुळे नाही, सुजेमुळेही दुखते. म्हणूनच गादी जागच्या जागी असतानाही सूज उतरली की आराम पडतो. सरकलेल्या गाद्यांपैकी बहुतेक सर्वांत खालच्या दोन असतात : चौथ्या-पाचव्या मणक्यामधली आणि पाचव्या मणक्याच्या खालची.

प्रत्येक मणक्याच्या मागे दोन्ही बाजूंना लहान सांधे असतात. त्यांना फॅसेट सांधे म्हणतात. गुडघ्यासारखेच तेही झिजतात. त्याशिवाय पाठीचा कणा जिथे कटीच्या हाडांना जोडला जातो, तिथे उजवीकडे-डावीकडे सॅक्रोइलियाक सांधे असतात. कंबरदुखी यांपैकी कुठूनही येऊ शकते. अनेकदा मात्र नेमका एकच उगम बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि उपचारासाठी दर वेळी त्याची गरजही नसते.

तुमचे दुखणे कोणत्या प्रकारचे?

उपचार निवडण्याआधी ढोबळ वर्गवारी करणे उपयोगी पडते.

*नसेचे दुखणे :* कंबरेपेक्षा पाय जास्त दुखतो. दुखणे गुडघ्याच्या खाली जाते, मुंग्या येतात, करंट लागल्यासारखे वाटते. खोकताना, शिंकताना, बसल्यावर वाढते. पायाचा अंगठा वर उचलताना किंवा टाचेवर चालताना अशक्तपणा जाणवला तर चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या गादीचा संशय येतो. चवड्यांवर उभे राहता येत नसेल तर त्याखालच्या गादीचा.

*गादीचे दुखणे, पण नस मोकळी :* दुखणे कंबरेतच राहते. वाकल्यावर आणि फार वेळ बसल्यावर वाढते.

*सांध्याचे दुखणे :* सहसा मध्यम वयानंतर. मागे वाकताना, कूस बदलताना, फार वेळ उभे राहिल्यावर वाढते. कधी नितंबापर्यंत किंवा मांडीच्या मागे जाते, पण सहसा गुडघ्याखाली जात नाही. सॅक्रोइलियाक सांधा असेल तर रुग्ण कंबरेच्या खाली एका बाजूच्या खळगीवर बोट ठेवतो. बाळंतपणाच्या आगेमागे हे जास्त दिसते.

*नसांची वाट अरुंद होणे :* साठीनंतर. थोडे चालले की दोन्ही पाय भरून येतात. जरा बसले किंवा पुढे वाकले की बरे वाटते. असे रुग्ण सपाट रस्त्यावर चालू शकत नाहीत, पण सायकल चालवू शकतात, कारण सायकलवर माणूस पुढे झुकलेला असतो.

मधुमेह असलेल्यांनी एक लक्षात ठेवावे. दोन्ही तळपायांची आग होणे, मोजे घातल्यासारखा बधिरपणा येणे हे बहुधा साखरेमुळे नसांवर झालेल्या परिणामाचे लक्षण असते. त्याचा दोष कंबरेच्या गादीवर टाकून चुकीचा उपचार होऊ शकतो.

आधी हे तपासा : घरी थांबू नये अशी लक्षणे

पुढीलपैकी काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. गरज पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

- लघवी तुंबणे, लघवी झाल्याचे न कळणे, शौचावरचा ताबा सुटणे
- गुदद्वार, जननेंद्रिय आणि मांडीच्या आतल्या बाजूला बधिरपणा (सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग)
- दोन्ही पायांत एकदम उतरलेले तीव्र दुखणे आणि अशक्तपणा
- पाऊल लोंबू लागणे, चप्पल पायातून निसटणे, ताकद दिवसागणिक कमी होणे

पहिल्या तीन लक्षणांत नसांचा संपूर्ण जुडगा दाबला गेलेला असू शकतो. तिथे तासांचा हिशेब असतो. उशीर झाला तर लघवी-शौचाचा ताबा कायमचा जाऊ शकतो. रत्नागिरीहून कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठायची झाली तर घाट आणि लांबचा रस्ता आहे, म्हणून 'सकाळी बघू' म्हणू नका. निघण्याआधी फोन करून तिथे एमआरआय आणि मणक्याचे सर्जन उपलब्ध आहेत का, हे जवळच्या डॉक्टरांकडून विचारून घ्या.

आणखी काही लक्षणांसाठी तातडीने, पण वेगळ्या दिशेने तपासणी लागते.

- संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे : मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही आढळतो.
- पावसाळ्यात शेतात, चिखलात काम केल्यानंतर अचानक ताप, पोटऱ्या आणि कंबर प्रचंड दुखणे, डोळे लाल : हा लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. ही कंबरदुखी वेदनाशामकावर काढू नका.
- वृद्ध स्त्रीला किरकोळ पडल्यावर किंवा बादली उचलताना पाठीत कळ येणे : ठिसूळ हाडाचा मणका दबलेला असू शकतो.
- पूर्वी कर्करोग झालेला असणे, किंवा बराच काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या असणे.
- तरुणाला पहाटे कंबर आखडणे, अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ ती मोकळी न होणे, हालचालीने बरे वाटणे : हा सांध्यांचा संधिवात असू शकतो. त्याची औषधे वेगळी असतात.

एमआरआयचा अहवाल कसा वाचावा?

'एल ४-५ डिस्क बल्ज', 'डीजनरेशन', 'फॅसेट आर्थ्रोपथी' हे शब्द वाचून माणूस घाबरतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या होत्या. विशीतल्या निरोगी लोकांपैकी ३७ टक्के आणि ऐंशीच्या वयातल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्यांमध्ये झीज दिसली. गादीचा फुगवटा विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत होता. यांपैकी कोणालाही कंबरदुखी नव्हती.

याचा अर्थ एमआरआय निरुपयोगी आहे असा नाही. अहवालात दिसणारी गादी आणि तुमच्या पायात दुखणारी जागा जुळली, तरच तो अहवाल बोलतो. डावा पाय दुखत असताना उजवीकडची गादी सरकलेली दिसली, तर ती गादी तुमच्या दुखण्याचे कारण नाही. म्हणून डॉक्टरांनी तुम्हाला झोपवून पाय उचलून पाहिला का, अंगठ्याची ताकद, घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया आणि संवेदना तपासली का, याकडे लक्ष द्या. नुसती फिल्म प्रकाशाला धरून 'ऑपरेशन' असे सांगितले असेल, तर दुसरे मत जरूर घ्या.

वर दिलेली धोक्याची लक्षणे नसतील, तर पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआयची सहसा गरज नसते. तो उपचार बदलणार असेल तेव्हाच करावा.

सरकलेली गादी आपोआप बरी होते का?

बऱ्याच वेळा हो. बाहेर आलेला भाग शरीराला परका वाटतो आणि पेशी तो हळूहळू शोषून घेतात. गंमत अशी की जो तुकडा जास्त बाहेर आला आहे किंवा सुटून पडला आहे, तोच शोषला जाण्याची शक्यता जास्त असते. साधा फुगवटा मात्र बहुधा तसाच राहतो, आणि त्याने काही बिघडतही नाही. म्हणून 'फार मोठी सरकली आहे' एवढ्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय होत नाही.

मग शस्त्रक्रिया केलेल्यांचे आणि न केलेल्यांचे पुढे काय होते? २००७ साली नेदरलँड्समध्ये झालेला अभ्यास यासाठी महत्त्वाचा आहे. ६ ते १२ आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया केली, दुसऱ्याला औषधे व व्यायामावर ठेवले आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया केली. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना बरे वाटायला सरासरी ४ आठवडे लागले, दुसऱ्या गटाला सुमारे १२ आठवडे. पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे झालेले होते. थांबलेल्या गटातल्या ३९ टक्के लोकांना मात्र त्या वर्षात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. शस्त्रक्रिया पायाचे दुखणे लवकर घालवते, हे खरे आहे. थांबणाऱ्या दर दहांपैकी सुमारे सहा जणांना ती लागलीच नाही, हेही खरे आहे. ताकद शाबूत असेल तर थांबण्याने वर्षाच्या शेवटी तुमचे नुकसान होत नाही. प्रश्न उरतो तो मधले आठवडे सोसवतील का, आणि तेवढे दिवस काम थांबले तर घर चालेल का. त्याचे उत्तर प्रत्येक घराचे वेगळे असते.

पहिले दोन आठवडे : दुखणे आटोक्यात आणणे

*विश्रांती :* दुखणे असह्य असेल तर एक-दोन दिवस पडून राहा, त्यापेक्षा जास्त नको. पाठीवर झोपून गुडघ्याखाली उशी किंवा कुशीवर झोपून दोन गुडघ्यांमध्ये उशी घेतली की नसेवरचा ताण कमी होतो. दर तासा-दीड तासाने उठून घरात चार पावले चाला. फळीवर किंवा उघड्या जमिनीवर झोपण्याची गरज नाही. फार कडकही नाही आणि खोल जाणारीही नाही अशी गादी चांगली.

*शौचास बसणे :* तीव्र दुखण्यात उकिडवे बसणे कठीण जाते. काही दिवस कमोड किंवा खुर्चीचा कमोड वापरा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कारण कुंथल्याने पायातली कळ वाढते.

*शेक :* गरम पाण्याच्या पिशवीचा १५-२० मिनिटे शेक घेतल्याने आखडलेले स्नायू सैल होतात. बधिर भागावर शेक घेऊ नका, भाजल्याचे कळत नाही.

*औषधे :* सूज उतरवणारी वेदनाशामके थोड्या दिवसांसाठी, जेवणानंतर आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच घ्या. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार, रक्त पातळ करणारी गोळी सुरू असणे, वय साठीपुढे असणे, यांपैकी काही असेल तर आधी सांगा. दुकानातून दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या वेदनाशामक गोळ्या आणून एकत्र घेतल्याने मूत्रपिंडाला धोका होतो.

'नसांची गोळी' म्हणून प्रीगाबालिन अनेकांना दिली जाते. २०१७ साली ऑस्ट्रेलियातील २०९ रुग्णांवरील चाचणीत सायटिकासाठी तिचा नकली गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही, चक्कर मात्र जास्त आली. ती तुम्हाला सुरू असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ते जरूर घ्यावे, पण त्याने सरकलेली गादी बसत नाही.

दोन ते सहा आठवडे : हालचाल वाढवणे

हा काळ सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका याच काळात रुग्ण व्यायाम सोडतात. थोडे बरे वाटले की 'आता कशाला', आणि थोडे दुखले की 'व्यायामानेच वाढले'.

*चालणे :* दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटांपासून सुरुवात करा, दर दोन-तीन दिवसांनी थोडे वाढवा. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ७०१ लोकांच्या अभ्यासात, कंबरदुखीतून बरे झालेल्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्याचे मार्गदर्शन दिले गेले. त्यांच्यात दुखणे पुन्हा उलटायला साधारण २०८ दिवस गेले, तर काहीच न केलेल्यांत ११२ दिवस. चालायला पैसे लागत नाहीत. पावसाळ्यात पडवीत किंवा घरातल्या घरात फेऱ्या मारल्या तरी चालते. शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायवाटेवर मात्र चालू नका.

*व्यायाम कोणते?* हे दुखण्याच्या प्रकारावर अवलंबून आहे.

- गादी सरकून पाय दुखत असेल : पोटावर झोपून आधी कोपरांवर आणि जमले तर हातांवर छाती उचलणे. हे करताना पायाचे दुखणे वर सरकून कंबरेकडे येत असेल तर ते चांगले लक्षण आहे, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. दुखणे उलट पावलाकडे उतरत असेल तर तो व्यायाम थांबवा.
- सांध्यांचे दुखणे किंवा नसांची वाट अरुंद असेल : पाठीवर झोपून एकेक गुडघा छातीशी घेणे, मग दोन्ही.
- सर्वांसाठी, तीव्र दुखणे ओसरल्यावर : पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणे (सेतू), चार पायांवर येऊन उलट हात-पाय लांब करणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे.

पहिल्या काही आठवड्यांत पश्चिमोत्तानासन, हलासन, पायाचे अंगठे धरणे असे जोराने पुढे वाकण्याचे प्रकार टाळा. सूर्यनमस्कार बरे वाटल्यावर, हळूहळू.

फिजिओथेरपिस्टकडे रोज जाणे खेड्यातल्या माणसाला परवडत नाही. एसटीने दीड तास जाऊन दहा मिनिटे मशिन लावून परत येण्यात फायद्यापेक्षा प्रवासाचा त्रासच जास्त. त्यापेक्षा चार-पाच भेटींत व्यायाम नीट शिका, मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढून घ्या, घरी रोज करा आणि दोन आठवड्यांनी दाखवायला जा. चांगला फिजिओथेरपिस्ट तुम्हाला यंत्राखाली झोपवून ठेवत नाही, तो तुमच्याकडून करवून घेतो.

ट्रॅक्शन, पट्टा आणि यंत्रे

वजने लावून कंबर ताणण्याने (ट्रॅक्शन) सरकलेली गादी आत जाते, असा समज आहे. आजवरच्या अभ्यासांत त्याचा टिकणारा फायदा दिसलेला नाही. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ट्रॅक्शन, पट्टे, अल्ट्रासाउंड आणि करंटची यंत्रे कंबरदुखीसाठी देऊ नयेत असेच म्हटले आहे. पट्टा लावल्याने बरे वाटत असेल तर प्रवासात किंवा ओझे उचलताना तेवढ्यापुरता लावा. दिवसभर लावून ठेवला तर मनाला पट्ट्याची सवय लागते आणि कंबर वापरायची भीती वाढते.

मालीश, पायाळू, कटिबस्ती

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची पद्धत आहे. साधी उसण चार दिवसांत स्वतःहून उतरते, श्रेय पायाळू माणसाला मिळते. हलका स्पर्श असेल तर बिघडत नाही. पण नस दबलेल्या किंवा हाडे ठिसूळ झालेल्या माणसाच्या पाठीवर जोराची लाथ, पाठीवर उभे राहणे, झटका देऊन 'मणका बसवणे' हे धोक्याचे आहे. पायात अशक्तपणा किंवा बधिरपणा असेल तर असे अजिबात करू नका.

सायटिकाला आयुर्वेदात गृध्रसी म्हणतात. हलके मालीश, शेक, कटिबस्ती यांनी स्नायू सैल होऊन तात्पुरता आराम मिळू शकतो आणि त्या आरामाचा उपयोग चालायला, व्यायामाला करून घेतला तर चांगलेच. उपचार नोंदणीकृत वैद्यांकडूनच घ्या. नाव-घटक न लिहिलेल्या पुड्या आणि गोळ्या मात्र घेऊ नका. 'एका दिवसात गुण' देणाऱ्या अशा पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्याने साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात.

इंजेक्शनचा उपयोग किती?

नसेजवळ स्टेरॉइडचे इंजेक्शन (एपिड्युरल किंवा नर्व्ह रूट ब्लॉक) एक्स-रे यंत्राच्या मदतीने, बहुधा त्याच दिवशी घरी सोडून दिले जाते. पायाचे दुखणे तीव्र असेल तर काही आठवडे आराम मिळू शकतो आणि तो काळ निसर्गाला काम करायला मिळतो. नुसत्या कंबरदुखीत त्याचा फारसा उपयोग नाही. वाट अरुंद झाल्याने चालता न येणाऱ्या वृद्धांमध्येही तो कमीच. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, ती तपासत राहा. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर आधी सांगा.

सांध्यांच्या दुखण्यात त्या सांध्याची बारीक नस तात्पुरती बधिर करून पाहतात. त्याने स्पष्ट आराम मिळाला तरच उष्णतेने ती नस निकामी करण्याचा उपचार (रेडिओफ्रीक्वेन्सी) विचारात घेता येतो. तोही महिनोनमहिने व्यायाम करून गुण न आलेल्यांसाठीच. ही चाचणी न करता थेट महागडा उपचार सुचवला गेला तर कारण विचारा. 'लेझरने गादी जाळू', 'ओझोनने आकसवू' अशा जाहिरातींपुढेही तोच प्रश्न ठेवा : माझ्यासारख्या रुग्णात याचा फायदा व्यायाम आणि काळ यांपेक्षा किती जास्त आहे?

कामावर परत जाताना

पूर्ण दुखणे थांबेपर्यंत कामावर न जाणे हा मार्ग बहुतेकांना परवडत नाही, आणि त्याची गरजही नसते. काम बदलून, वाटून सुरुवात करा.

- *लावणी :* सलग वाकून राहू नका. दर वीस मिनिटांनी सरळ उभे राहून कंबरेवर हात ठेवून हलकेच पाच वेळा मागे वाका. लावणी आणि तरवा काढणे आलटून-पालटून करा. पहिल्या वर्षी लावणी दुसऱ्याकडे सोपवता आली तर उत्तम.
- *आंबा :* भरलेले क्रेट दोघांनी उचला. पाठीवरच्या १६ लिटरच्या फवारणी पंपात पाण्याचेच वजन १६ किलो असते, तो अर्धाच भरा.
- *चिरेखाण आणि बांधकाम :* चिरा अंगाजवळ धरून, गुडघ्यात वाकून उचला. उचलून कंबरेत वळू नका, पावले टाकून वळा. पहिले सहा आठवडे उचलण्याचे काम टाळून देखरेखीचे किंवा हलके काम मागा.
- *मासेमारी :* होडी हेलकावत असताना वाकून जाळे ओढण्यात कंबरेवर सर्वांत जास्त ताण येतो. पायात ताकद कमी असेल तर समुद्रावर जाऊच नका. तोल गेला तर जिवावर बेतते.
- *घरकाम :* विळीवर बसून नारळ खवण्याऐवजी काही दिवस ओट्याशी उभे राहून काम करा. पाण्याची एक भरलेली कळशी नेण्यापेक्षा दोन्ही हातांत अर्धी-अर्धी भांडी न्या.
- *प्रवास :* एसटीत मागच्या चाकांवरची आणि शेवटची सीट टाळा. दुचाकीवर खड्ड्यांतून जाणे पहिले काही आठवडे बंद ठेवा.

बिडी-सिगारेट सोडा. गादीला रक्तपुरवठा आधीच तुटपुंजा असतो, धूम्रपानाने तो आणखी बिघडतो.

सुधारणा होते आहे, हे कसे ओळखायचे?

'दुखते की नाही' एवढ्यावर मोजू नका. वहीत आठवड्यातून एकदा चार गोष्टी लिहा : न थांबता किती मिनिटे चालता येते, किती वेळ बसता येते, रात्री किती तास झोप लागते, दिवसाला किती गोळ्या लागतात. दुखणे पावलातून गुडघ्यावर, गुडघ्यातून नितंबावर सरकत असेल तर तुम्ही बरे होत आहात. बधिरपणा सर्वांत शेवटी जातो, कधी थोडा उरतोही. तेवढ्यासाठी घाबरू नका.

आठवड्यातून दोनदा ताकदही तपासा : टाचांवर दहा पावले, चवड्यांवर दहा पावले, भिंतीचा आधार घेऊन. जे कालपर्यंत जमत होते ते आज जमत नसेल, तर वहीतले बाकीचे आकडे कितीही चांगले असोत, डॉक्टरांकडे जा.

शस्त्रक्रियेचा विचार केव्हा?

- धोक्याची लक्षणे असतील तर : लगेच.
- पायाची ताकद स्पष्ट कमी असेल किंवा वाढत्या प्रमाणात कमी होत असेल तर : काही दिवसांतच सर्जनचे मत.
- ताकद चांगली आहे, पण ६ ते १२ आठवडे नीट उपचार करूनही पायाचे दुखणे जगू देत नाही आणि एमआरआय त्याच्याशी जुळतो : शस्त्रक्रिया हा चांगला पर्याय आहे. ती पराभव समजू नका.
- पाय मोकळा आहे, नुसती कंबर दुखते आणि एमआरआयमध्ये झीज आहे : मणके जोडण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा फायदा चांगल्या व्यायाम-कार्यक्रमापेक्षा फारसा जास्त नसतो. घाई करू नका, दुसरे मत घ्या.

शस्त्रक्रियेनंतरही व्यायाम आणि ओझे उचलण्याची पद्धत सुटत नाही. त्याच जागी गादी पुन्हा सरकण्याचे प्रमाण शंभरात साधारण पाच ते पंधरा असते. म्हणून 'एकदा ऑपरेशन झाले की सुटलो' हेही खरे नाही.

खर्चाबाबत एक गोष्ट. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. तुमची शस्त्रक्रिया तिच्यात बसते का, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारा. पण 'योजनेत फुकट होते' हे शस्त्रक्रिया करण्याचे कारण होऊ शकत नाही. तसेच व्यायामाचा खर्च खिशातून होतो म्हणून तो टाळणेही योग्य नाही. जिल्हा शासकीय रुग्णालयात फिजिओथेरपीबाबत चौकशी करा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

1. माझे दुखणे नसेचे आहे, गादीचे की सांध्याचे? तपासणीत काय आढळले?
2. माझ्या पायाची ताकद आज किती आहे? ती कागदावर लिहून द्याल का?
3. एमआरआयमध्ये दिसते ते माझ्या दुखणाऱ्या बाजूशी जुळते का?
4. सहा आठवडे थांबलो तर माझे काय नुकसान होऊ शकते?
5. हे इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया कशासाठी आहे, पायासाठी की कंबरेसाठी?
6. मी कोणते काम केव्हा सुरू करू शकतो?

हे प्रश्न विचारल्याने चांगला डॉक्टर रागावत नाही. भेटीला जाताना घरातले एक माणूस सोबत न्या, कारण दुखण्यात निम्मे ऐकले जात नाही.

गादी सरकणे म्हणजे कणा मोडणे नव्हे. बहुतेकांची कंबर पुन्हा काम करू लागते, फक्त तिला आठवड्यांचा वेळ आणि रोजची थोडी मेहनत लागते. ताकदीवर लक्ष ठेवा, चालत राहा आणि निर्णय भीतीने नव्हे, तपासणीनंतर घ्या.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या प्रकृतीनुसार उपचार ठरवण्यासाठी प्रत्यक्ष डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या.*